निळा, एक चौरस सेंटिमीटर वगळून

गाडी शेवटी भंगारात गेली नाही. ती अजून आहे, जिन्याखाली, मेणकापडाखाली, आणि लहर लागली तर दुसऱ्या किकला सुरू होते.

आता हे वाक्य आपण कुणी वाचलेलंच नाही, असं धरून पुढे जाऊ. ते खरं आहे, पण त्या मंगळवारी चिरंजीवांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि जी गोष्ट चिरंजीवांना ठाऊक नाही ती वाचकांना आधी कळणं हा कामकाजाच्या पद्धतीचा भंग आहे. पद्धतीचा भंग चिरंजीवांना चालत नसे. त्यांची नोकरीच तशी होती.

चिरंजीव हे काही त्यांचं नाव नव्हे. पण शाळेच्या प्रवेशापासून प्रत्येक फॉर्मवर बाबांनी नावाच्या आधी ‘चिरंजीव’ हा शब्द इतक्या टपोऱ्या अक्षरांत लिहिला, की पुढे नावाला जागाच उरायची नाही. मोठेपणी चिरंजीव पाणी खात्यात लागले. तिथे नव्या नळजोडणीसाठी आलेल्या अर्जांमधल्या त्रुटी शोधायच्या आणि अर्ज पूर्ततेसाठी परत पाठवायचे, एवढंच त्यांचं काम. वय एकोणतीस, पण त्रुटी काढताना हात निवृत्तीला टेकलेल्या माणसासारखा चालायचा. ‘अर्जदाराने सही निळ्या शाईने केली असली तरी निळेपणा पुरेसा नाही’ हा शेरा त्यांचाच. गावात तीनशे घरं कोरडी होती, त्यातली निम्मी तरी या शेऱ्यामुळे.

तर अशा माणसाच्या घरी एक नोटीस आली. वाहन नोंदणी कार्यालयाने कळवलं होतं, की पन्नास वर्षांवरची दुचाकी शुक्रवारी सकाळी अकराला तपासणीसाठी हजर करावी. एक, वाहनाचा रंग नोंदवहीतल्या नोंदीप्रमाणे आणि अखंड असावा. दोन, वाहन तपासनिसांसमोर सुरू होऊन दाखवावं. यात कसूर झाल्यास नोंदणी रद्द होऊन वाहन भंगार समजण्यात येईल आणि त्याच दिवशी उचललं जाईल.

चिरंजीवांनी नोटीस दोनदा वाचली आणि त्यांना भरून आलं. भाषा फार सुरेख होती.

गाडी बाबांची. बाबांनी ती लग्नाच्या आधी घेतली होती, आणि घरात ज्येष्ठतेचा प्रश्न निघाला की आईला हे ऐकून घ्यावं लागायचं. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी किक मारायला बंदी केली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी चिरंजीवांनी किक मारायची, गाडी सुरू करायची आणि बाजूला व्हायचं, असं ठरलं. बाबा शेजारी स्टुलावर बसत, डोळे मिटत आणि दहा मिनिटं ती धडधड ऐकत. मग म्हणत, “बंद कर.” बस. आठवड्यातून एवढंच. बाकीचे सहा दिवस बाबा पेपर वाचत, औषधं घेत आणि रविवारची वाट बघत. गाडी गेली तर त्या दहा मिनिटांचं काय करायचं, हे घरात कुणी कुणाला विचारलं नव्हतं. ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं तो आमच्या चिरंजीवांच्या घरात विचारायची पद्धत नाही.

नोटीस तीन आठवडे आधी आली होती. बाबांनी चष्मा पुसला, पहिली अट वाचली आणि दुसरी वाचलीच नाही. कारण पहिल्या अटीत ‘रंग’ हा शब्द होता.

बाबांनी चौतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात रंगांची तपासणी केली होती. विजेच्या खांबांवरच्या लोखंडी पेट्यांना द्यायचा एक खास निळा रंग तिथे बनायचा, आणि निवृत्तीच्या दिवशी बाबांनी घड्याळ नाकारून त्या रंगाचे बारा डबे मागून घेतले. त्यानंतर घरातला फ्रिज निळा झाला. स्टूल निळं झालं. रेडिओ निळा झाला आणि त्या दिवसापासून गप्पही झाला. आईचं शिवणयंत्र निळं झालं, त्याचं चाक फिरेना म्हणून आई आठ दिवस बाबांशी बोलत नव्हती. आई घरात एका जागी फार वेळ बसत नसे, त्याचंही कारण हेच असावं.

“या रंगातून पाणी जात नाही,” बाबा ब्रश चालवताना सांगत. “गंज जात नाही. वीज जात नाही. एकदा लागला की लागला.”

“हो बाबा,” चिरंजीव म्हणत.

हे वाक्य त्यांनी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्याचा अर्थ कधीच गळून पडला होता. घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येत नाही, तसं ते झालं होतं.

बाबांनी गाडी सुटी केली. गुडघ्यामुळे किक बंद होती, पण पान्याला डॉक्टरांनी काही म्हटलं नव्हतं. सांगाडा घासला, चार हात रंग दिला, प्रत्येक हातानंतर तीन दिवस वाळवला, प्रत्येक स्क्रू वेगळा रंगवला आणि सगळं जिथल्या तिथे लावलं. मंगळवारी संध्याकाळी जिन्याखाली गाडी उभी राहिली तेव्हा ती इतकी निळी होती, की टाकीत बघून चिरंजीवांनी भांग पाडला.

“मार किक,” बाबा म्हणाले आणि स्टुलावर बसून डोळे मिटले.

चिरंजीवांनी किक मारली. मग दुसरी मारली. मग अकरावी. बाबांनी एक डोळा उघडला.

“तू नीट मारत नाहीस.”

“नेहमीसारखीच मारतोय.”

“नेहमी पण तू नीट मारत नाहीस. पण ती तुला सांभाळून घेते.”

जिन्याला लागूनच तळमजल्यावरच्या काकूंची खिडकी होती. काकू खिडकीशी बसून गव्हातले खडे निवडत होत्या. त्यांचा स्वभाव मदतीचा, म्हणून त्या मोजायला लागल्या.

“सव्वीस,” काकू म्हणाल्या.

“काकू, मोजायची गरज नाही.”

“असू दे रे. नंतर लागतं. सत्तावीस.”

बेचाळीसच्या सुमाराला वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली आले. मास्तरांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर त्यांना शिकवायला वर्ग उरला नव्हता. त्यामुळे चार माणसं एका जागी दिसली की ते उतरायचे.

“इंजिनाला तीन गोष्टी लागतात,” मास्तर म्हणाले. “पेट्रोल, हवा आणि ठिणगी. यातलं एक नाही. सांगा बरं, काय नाही?”

चिरंजीवांनी टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल होतं. हवा होती, ती सगळ्यांच्या समोरच होती. बॅटरी आहे का बघायला हॉर्न दाबून पाहिला. हॉर्न असा काही खणखणीत वाजला, की काकूंच्या ताटातले निवडलेले आणि न निवडलेले गहू एक झाले. काकू त्यानंतर बराच वेळ मोजण्यातून लक्ष काढून चिरंजीवांच्या एकूण संस्कारांबद्दल बोलल्या.

“म्हणजे ठिणगी नाही,” मास्तर खूष होऊन म्हणाले. “प्लग काढा. टोपीत बसवा. प्लगची लोखंडी बाजू इंजिनाला टेकवा आणि किक मारा. टोकाशी ठिणगी उडायला हवी.”

चिरंजीवांनी सगळं तसंच केलं. ठिणगी उडाली नाही. उजेडामुळे दिसत नसेल म्हणून मास्तरांनी आपल्या छत्रीची सावली केली, आईने वरून टॉवेल टाकला, आणि तीन माणसं एका टॉवेलखाली डोकी घालून एका प्लगकडे बघत राहिली. काही नाही.

“आता एकदा प्लग नुसत्या हाताने धरून बघा,” मास्तर म्हणाले. “शास्त्रासाठी.”

“शॉक बसेल.”

“बसला तर चांगलंच आहे. म्हणजे करंट आहे.”

चिरंजीवांनी डोळे मिटून प्लग धरला आणि किक मारली. शॉक बसला नाही. शॉक बसला नाही म्हणून हळहळणारा माणूस घरादारात तोवर कुणी पाहिला नव्हता. बाबांनी तर तोंड फिरवलं.

“चौसष्ट,” काकू म्हणाल्या. “ती शेवटची धरू ना?”

बुधवारी चिरंजीवांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण लिहिलं, ‘वडिलांची गाडी बंद.’ वरिष्ठांनी अर्ज परत पाठवला. शेरा होता, ‘नेमकं कोण बंद आहे ते स्पष्ट व्हावं.’ चिरंजीवांना राग आला नाही. हाच शेरा त्यांनीही मारला असता. त्यांनी पूर्तता केली आणि गाडी ढकलत मिस्त्रींच्या गॅरेजकडे निघाले.

गॅरेज दीड किलोमीटरवर होतं आणि रस्ता चढाचा. बंद गाडी ढकलणाऱ्या माणसाला जगात एकच प्रश्न विचारतात. “पेट्रोल संपलं का?” असं दहा जणांनी विचारलं. आधी चिरंजीव सविस्तर उत्तर देत होते, पेट्रोल, हवा, ठिणगी, मास्तर, टॉवेल असं सगळं. सातव्या माणसापासून नुसतं “हो” म्हणायला लागले. दहाव्याने एक लिटर पेट्रोल आणून दिलं. अकराव्या माणसाला पाहून मात्र चिरंजीवांनी रस्ता ओलांडायचा प्रयत्न केला, पण दीडशे किलोची गाडी घेऊन माणूस पटकन ओलांडत नाही. तो चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. त्याचा नळजोडणीचा अर्ज चिरंजीवांनी चार वेळा परत पाठवला होता.

“काय साहेब,” तो दुकानाच्या पायरीवर आरामात बसत म्हणाला, “त्रुटी काय निघाली?”

“तपास चालू आहे.”

“असू दे. पूर्तता करून पुन्हा आणा.” मग त्याने आत वळून बायकोला हाक मारली. “अगं ए, बाहेर ये जरा, तुला काहीतरी दाखवायचंय.”

मिस्त्री गाड्यांचे डॉक्टर होते. म्हणजे चिरंजीवांनी काय झालंय ते सांगायला सुरुवात केली, की ते हाताने थांबवून स्वतः सांगायचे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग टाकीवर हात ठेवला आणि काढलाच नाही.

“रंग कुणी दिला?”

“बाबांनी.”

“काय हात आहे.” मिस्त्रींनी हात सांगाड्यावरून मागपर्यंत नेला. “एक जागा सुटलेली नाही. स्क्रूच्या खाली पण गेलाय.” त्यांनी आपल्या माणसांना बोलावून सांगितलं, बघा, याला काम म्हणतात. सगळ्यांनी बघितलं. नंतर हे चिरंजीवांना रोज आठवायचं, की चार जाणती माणसं एका रांगेत उभी राहून नेमक्या रोगाकडे बघत होती आणि त्याचं कौतुक करत होती.

मग मिस्त्रींनी टाकी उचलली. टाकीखाली सांगाड्याला एका बोल्टने कॉइल आवळलेली असते. मुठीएवढी वस्तू, ठिणगीची सगळी ताकद तिथून येते. मिस्त्रींनी ती सोडवली, आपल्या टेबलावर ठेवली, दोन वायरी लावल्या आणि चटका दिला. टेबलावर एवढी मोठी निळी ठिणगी उडाली.

“कॉइल ठणठणीत आहे,” मिस्त्री म्हणाले.

कॉइल गाडीवर बसवली. किक मारली. काही नाही. मिस्त्रींनी कपाळाला आठी घातली, कॉइल पुन्हा काढली, टेबलावर ठेवली. ठिणगी. गाडीवर. काही नाही. टेबलावर. ठिणगी. चिरंजीवांना हा प्रकार ओळखीचा वाटला. शाळेत असताना त्यांचं असंच व्हायचं. घरी सगळं पाठ, वर्गात काही नाही.

मिस्त्रींनी नवी कॉइल लावून पाहिली. ती टेबलावर नाचली आणि गाडीवर मुकी झाली. पॉइंट पॉलिश पेपरने घासले. कंडेन्सर बदलला. प्लग बदलला. प्लगची वायर बदलली. शेवटी चिरंजीवांना वाटलं, आता आपल्यालाही बदलतील. चहा आला. मिस्त्रींनी चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून पडेपर्यंत बुडवून ठेवलं आणि म्हणाले,

“गाडी जुनी आहे. तिच्या मनात नाही.”

“शुक्रवारी सुरू व्हायला हवी. नाहीतर भंगारात जाणार.”

मिस्त्री गाडीकडे बघत राहिले. “रंगासकट?” असं त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात डॉक्टर नव्हता.

परतीचा रस्ता उताराचा होता. चिरंजीव गाडीवर बसून आले. चष्म्याच्या दुकानासमोरून जाताना त्यांनी इंजिन चालू असल्यासारखा चेहरा केला आणि तोंडाने थोडा आवाजही काढला. दुकानदार टाळ्या वाजवत होता.

गुरुवारी बाबांनी पेपर उघडला आणि दोन तास एकाच पानावर राहिले. दुपारी ते जिन्याखाली गेले आणि रविवार नसताना स्टुलावर जाऊन बसले. गाडी बंद, समोर बाबा, डोळे मिटलेले. आईने वरून बघितलं, चिरंजीवांच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, “खाली नेऊन दे. आणि काहीतरी कर.”

“काय करू? मास्तर झाले, मिस्त्री झाले.”

“तुला काय येतं ते कर.”

चिरंजीवांना एकच गोष्ट येत होती. त्यांनी कोरा कागद घेतला, समास आखला आणि स्टुलाशेजारी जिन्याच्या पायरीवर बसून गाडीच्या नावे त्रुटीपत्र लिहायला घेतलं. खिडकीत काकू होत्याच. हातात छत्री घेऊन मास्तरही उतरले.

“बाबा, वाहन शेवटचं कधी सुरू झालं?”

बाबांनी डोळे उघडले नाहीत. “तीन रविवारांपूर्वी. तूच मारलीस किक.”

“कितव्या किकला?”

“दुसऱ्या,” काकू म्हणाल्या.

“मग बंद कधी पडलं?”

“बंद पडलंच नाही,” बाबा म्हणाले. “चालू गाडी मी सुटी केली. रंग दिला. त्यानंतर सुरू झाली नाही. तो वेगळा मुद्दा.”

चिरंजीवांनी लिहून घेतलं. ‘रंग देण्यापूर्वी चालू. रंग दिल्यानंतर बंद. हे दोन मुद्दे वेगळे असल्याचं अर्जदाराचं म्हणणं.’ लिहिता लिहिता त्यांचं पेन मंदावलं. नऊ वर्षांच्या नोकरीत अर्जदाराने ‘तो वेगळा मुद्दा’ म्हटलं, की त्रुटी बरोबर तिथेच सापडायची.

“रंगाचं काय वर्णन लिहू?” त्यांनी विचारलं.

“लिही,” बाबा म्हणाले, आणि कितीतरी वर्षांनी कुणी रंगाबद्दल आपणहून विचारलं म्हणून त्यांनी डोळेही उघडले. “या रंगातून पाणी जात नाही. गंज जात नाही. वीज…”

बाबा थांबले.

चिरंजीवही थांबले. मास्तरांनी छत्री खाली ठेवली. काकूंच्या हातातला खडा परत गव्हात पडला.

“मास्तर,” चिरंजीव हळूच म्हणाले, “कॉइलचा करंट परत कुठून जातो?”

“सांगाड्यातून,” मास्तर म्हणाले. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलासारखं तोंड झालं होतं त्यांचं. “कॉइल बोल्टने सांगाड्याला टेकते. लोखंडाला लोखंड. टेबलावर त्यासाठी मिस्त्रींनी वायर लावली असणार. इथे…”

“इथे चार हात,” बाबा म्हणाले. “बोल्टच्या खाली पण.”

सगळ्यांनी वर बघितलं. घरात बोलायला सुरुवात करणं हे आईचं काम होतं आणि ती वर होती.

“मी खरवडतो,” चिरंजीव म्हणाले.

“तुझा हात जड आहे. ब्लेड दे.”

आईने वरून दाढीचं ब्लेड पाठवलं. बाबा स्टूल पुढे ओढून बसले, गुडघा सरळ केला. मास्तरांनी टाकी उचलून धरली, चिरंजीवांनी बोल्ट सोडवला. बाबांनी आधी ओल्या फडक्याने जागा पुसली. मग ब्लेडचं टोक टेकवलं आणि काही क्षण तसेच राहिले. चौतीस वर्षं त्यांनी या रंगावर ओरखडा उठतो का ते तपासलं होतं आणि प्रत्येक वेळी ‘उठत नाही’ असं लिहिलं होतं.

“फार खोल नको,” ते स्वतःलाच म्हणाले.

त्यांनी नखाएवढा चौकोन काढला. कडा सरळ, कोपरे काटकोनात. आत लोखंड चमकलं. निळं भुस्कट त्यांनी फुंकर मारून उडवलं नाही, फडक्यात गोळा करून खिशात ठेवलं. कॉइल बसली. टाकी बसली. चिरंजीवांनी किकवर पाय ठेवला.

“एकशे सदतीस,” काकू म्हणाल्या. “मिस्त्रींकडच्या धरून. तू सांगितलेल्या.”

एकशे सदतिसावी वाया गेली. एकशे अडतिसाव्या किकला जिन्याखाली अशी धडधड उठली, की मेणकापड उडालं, मास्तरांची छत्री आपोआप उघडली आणि वरून आईने विचारलं, झालं का. बाबांचे डोळे मिटलेले होते. दहा मिनिटं झाली, वीस झाली. चिरंजीव ‘बंद कर’ची वाट बघत उभे राहिले. चाळीस मिनिटांनी पेट्रोल संपलं तेव्हा ती धडधड आपली आपणच थांबली. दहाव्या माणसाने दिलेलं एक लिटर तेव्हा कामाला आलं.

शुक्रवारी अकराला बापलेक कार्यालयाच्या आवारात हजर होते. भिंतीपलीकडे भंगार उचलणारा ट्रक उभा होता, मागचं फळकूट उघडं ठेवून. तपासनीस बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात तीन पेनं. चिरंजीवांनी पेनं बघूनच ओळखलं, माणूस कामाचा आहे.

“सुरू करा.”

दुसऱ्या किकला सुरू झाली. तपासनिसांनी दुसऱ्या अटीसमोर बरोबरची खूण केली. मग खिशातून बॅटरी काढली आणि गाडीचा इंच न् इंच बघायला लागले. पुढून, मागून, चाकाच्या आतून. शेवटी जमिनीवर पाठ टेकून टाकीखाली शिरले आणि तिथून त्यांचा आवाज आला.

“इथे रंग नाही.”

“ती जागा झाकलेली असते साहेब,” बाबा म्हणाले. “दिसत नाही.”

“मला दिसली.”

“नखाएवढीच आहे.”

“अखंड म्हणजे अखंड. रंग लावून आणा. अर्धा तास थांबतो.”

“रंग लावला तर सुरू होणार नाही,” चिरंजीव म्हणाले.

“तो वेगळा मुद्दा,” तपासनीस टाकीखालून म्हणाले.

बाबांनी खिशात हात घालून ते फडकं घट्ट धरलं. ट्रकवाल्याने बिडी विझवली. चिरंजीवांना प्रथमच समोरच्या बाजूने हे सगळं दिसत होतं, जिथे त्यांच्या टेबलापुढे नऊ वर्षं माणसं उभी राहायची. जागा बरी नव्हती. पण ते त्याच धंद्यातले होते, आणि त्यांना एकदम कलम आठवलं.

“साहेब, नोंदीतला रंग बदलण्यासाठी अर्ज केला तर?”

तपासनीस टाकीखालून बाहेर आले. कपडे झटकले. “करता येतो. वरच्या कार्यालयात जातो.”

“आणि अर्ज विचाराधीन असताना वाहन उचलता येतं का?”

तपासनिसांनी चिरंजीवांकडे नीट बघितलं. “नाही. विचार संपेपर्यंत आहे त्या स्थितीत ठेवावं लागतं.”

“विचार किती दिवसांत संपतो?”

“मी इथे एकवीस वर्षं आहे,” तपासनीस म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या टेबलावर जागा करून दिली, कोरा कागदही दिला. चिरंजीव लिहीत असताना ते मागे उभे राहून वाचत होते.

“समास कमी सोडलात. वाहनाच्या वर्णनात चाकांची संख्या नाही. आणि तारीख शेवटी हवी. परत येईल हा.”

“येऊ दे,” चिरंजीव म्हणाले. “समासासाठी परत आला की मी पूर्तता करीन, तेव्हा चाकांसाठी परत येईल. तारीख तिसऱ्या खेपेसाठी ठेवलीये.”

तपासनिसांनी खिशातलं एक पेन काढून त्यांना दिलं. वापरायला नव्हे, तसंच. “नोकरीला आमच्याकडे का नाही आलात?” ते म्हणाले.

पोचपावतीचा शिक्का पडला. ट्रकवाला फळकूट लावून निघून गेला. चिरंजीवांनी गाडी सुरू केली आणि बाबा दोन वर्षांनी गाडीवर बसले, मागे, गुडघा बाहेर लांब करून. रस्त्यातल्या दोन सायकली त्या गुडघ्याला वळसा घालून गेल्या. चष्म्याच्या दुकानासमोर चिरंजीवांनी मुद्दाम वेग कमी केला. सोमवारी त्यांनी त्या माणसाची फाईल पुन्हा काढली. निळेपणा पुरेसा होता.

अर्ज अजून वरच्या कार्यालयात आहे. त्याची नक्कल बाबांनी काचेत लावून निळ्या फ्रिजवर टांगली आहे. ती अशी:

‘माननीय महोदय, माझ्या वडिलांच्या वाहनाचा रंग नोंदवहीत “निळा” असा आहे. वस्तुस्थितीत तो एक चौरस सेंटिमीटर कमी निळा आहे, आणि वाहन चालतं ते त्या एक चौरस सेंटिमीटरवरच. सबब विनंती, की नोंदवहीच्या रंगाच्या रकान्यात “निळा, एक चौरस सेंटिमीटर वगळून” अशी दुरुस्ती व्हावी. सदर जागा प्रत्यक्ष पाहण्यासाठी अधिकाऱ्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी यावं, स्वतंत्र स्टुलाची सोय केली जाईल. आणि या अर्जावर निर्णय घेण्याची मुळीच घाई करू नये, अर्जदाराचे वडील हयात आहेत.’